केसपेपरवर पाण्याची नोंद हवी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. येथे किडनीच्या आजाराची ओरड वर्षानुवर्षांची आहे. कारण मात्र आजही पक्के ठरलेले नाही. बोअरचे खारे पाणी, फवारणीचे विष, उन्हातली मजुरी, अंगदुखीवर मनानेच घेतलेल्या गोळ्या, की दुर्लक्षिलेला बीपी आणि शुगर? श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि आंध्रातील उद्दानम भागातही शेतकऱ्यांच्या किडन्या निकामी होतात, आणि तिथेही वाद मिटलेला नाही.

याचे उत्तर शोधण्याची साधने जिल्ह्यातच आहेत. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले. खेड्यातला रुग्ण तिथे येतो, रक्त तिथेच तपासले जाते, आणि एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. मग त्या प्रबंधांचे विषय खारपाणपट्ट्यातून का येऊ नयेत? केसपेपरवर क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या तपासणीच्या, आकड्याशेजारी चार गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ होईल: पिण्याचे पाणी कोणते, ते किती वर्षे, फवारणी केली का, वेदनाशामक गोळ्या किती. अकोट-तेल्हाऱ्यातील अनेक गावांना ८४ खेडी योजनेतून वान धरणाचे गोडे पाणी मिळते. नळाचे पाणी पिणारे आणि बोअरचे पिणारे यांची तुलना याच तालुक्यांत करता येईल.

उपचारातून संशोधन होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब आणि घामाची लक्षणे टिपली. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. पुढे प्राझोसिन या स्वस्त औषधाने दंशाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांच्याजवळ महाविद्यालयाचा फौजफाटा नव्हता. रोजची नोंद होती.

संशोधनाच्या नावाखाली रुग्ण वेठीला धरला जाऊ नये, ही अट मात्र पहिली. संमती मराठीत, समजावून घ्यावी. नकार दिला म्हणून उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. आणि निघालेला निष्कर्ष कपाटात न ठेवता ग्रामसभेत वाचला जावा.

तेल्हारा तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेने केसपेपरवर या नोंदी घेण्याच्या मागणीचा ठराव करून महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.