पश्मिना आणि "गळलेली लोकर"

सत्काराच्या शालीवर हल्ली "अस्सल पश्मिना" अशी चिठ्ठी सर्रास चिकटवलेली असते. शाल दोन-चारशे रुपयांची. देणाऱ्याच्या भावनेबद्दल तक्रार नाही, पण चिठ्ठी खोटी असते. त्या खोट्यापायी एका शेळीची आणि तिच्यामागे राबणाऱ्या माणसांची किंमत शून्य होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खरी पश्मिना येते लडाखच्या चांगथांग पठारावरून. चार हजार मीटरहून जास्त उंची, हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली. तिथल्या शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब राठ केस आणि त्यांच्या बुडाशी बारीक मऊ लव. ही लव म्हणजेच पश्मिना. जाडी १२ ते १५ मायक्रॉन; आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. आपल्या उस्मानाबादी शेळीला असला कोट लागतच नाही, बिचारी उन्हानेच बेजार!

गंमत पहा, ही लव थंडी पडली म्हणून उगवत नाही. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागले की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि भर उन्हाळ्यात पुढच्या हिवाळ्याची तयारी सुरू होते. डिसेंबरअखेर वाढ थांबते. पुढे दिवस मोठे होत गेले की मुळं सैल होतात आणि वसंतात लव आपोआप सुटू लागते. उत्तरायण-दक्षिणायन आम्ही वर्गात पृथ्वीचा गोल फिरवून शिकवायचो. ते शेळीच्या अंगावर उगवतं आणि गळतं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पण "आपोआप" या शब्दाने फसू नका. मे-जूनच्या सुमारास चांगपा पशुपालक एकेका शेळीचे पाय बांधून, तिला आडवी करून, लांब दातांच्या फणीने विंचरतात. घाई केली तर लव सुटत नाही, जनावराला नुसती ओढ बसते. उशीर केला तर ती खडकांना, झुडपांना लागून वाया जाते, नाहीतर केसांत गुंतून तिचे गठ्ठे होतात. एवढं करून एका शेळीमागे मिळतं साधारण पाव किलो. त्यातले राठ केस काढले की उरतं निम्म्याहून कमी. मग काश्मिरात चरखा, हातमाग. यंत्राला हा तंतू झेपत नाही, तुटतो. त्यामुळे कारखान्यात त्यात नायलॉन मिसळून कापड विणतात आणि नंतर तेजाबाने नायलॉन विरघळवतात. २००८ साली काश्मिरी पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हातसूत आणि हातमागाची अट आहे.

"गळलेली लोकर" हा शब्द गोड आहे, आणि त्याच्याच आड एक क्रूर धंदा वर्षानुवर्षं चालला. शहातूश शालींचे व्यापारी सांगत, की तिबेटच्या पठारावरचं चिरू हरीण झुडपांना अंग घासतं आणि त्यांना अडकलेली लोकर लोक वेचून आणतात. प्रत्यक्षात चिरूला मारूनच ती लोकर काढत. एका शालीसाठी तीन ते पाच जिवांचा बळी. रानटी जनावर, ते काय फणी लावून घेणार? १९७९ पासून या लोकरीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. तरीही ती झुडपांची गोष्ट ऐकून समाधान मानणारी गिऱ्हाईकं होतीच. विंचरलेलं आणि ओरबाडलेलं यातला फरक दुकानाच्या काचेतून दिसत नाही, तो विचारावा लागतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, साध्या माणसाने स्वस्त शाल पांघरूच नये का? जरूर पांघरावी. अ‍ॅक्रिलिकची शाल ऊब देते, धुवायला सोपी. फक्त तिला अ‍ॅक्रिलिक म्हणा ना! तेवढ्याने सत्कारमूर्तीचा मान कमी होत नाही. उलट खोट्या चिठ्ठीची शाल म्हणजे नकळत शालजोडीतलेच दिल्यासारखं झालं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला मी सुचवलं आहे, की यंदापासून सत्काराला धनगरी घोंगडी द्या. दख्खनी मेंढीची लोकर, कातरणारे आपले, विणणारे आपले. अध्यक्ष म्हणाले, घोंगडी टोचते. टोचते खरी.