आधी उत्तर, मग नियम

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग लोणची. पण आज लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. आज मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, निवृत्तीनंतर मी मोडी शिकले. मोडी वाचणाऱ्यांचा आमचा एक इ-मेल गट आहे. पूर्वी तो याहूवर होता. २०२० च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स बंद झाले, तेव्हा सगळं बिऱ्हाड गूगलवर हलवलं. दोनशेच्या आसपास माणसं आहेत. कुणी जुना कागद पाठवतो, अडलेलं अक्षर विचारतो, बाकीचे वाचून सांगतात. फार सुखाची जागा आहे. निदान मला तरी तसं वाटत होतं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी गटावर एक मेल आली. विषयाच्या जागी काही नाही. नमस्कार नाही, नाव नाही. तिसऱ्याच कुणाच्या जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवलेली, त्यामुळे खाली त्या मेलचं लांबलचक शेपूट. मजकूर दोन ओळींचा : "हे वाचून द्या अर्जंट. सोमवारी तारीख आहे." सोबत दोन वाकडी छायाचित्रं.

संध्याकाळपर्यंत सात उत्तरं आली. एकाने लिहिलं, विषय लिहायची पद्धत आहे. दुसऱ्याने, आधी गटाची नियमावली वाचा. तिसऱ्याने, इथे कुणी तुमचे नोकर नाहीत. चौथं उत्तर माझं होतं. मी लिहिलं, "नमस्कार म्हणायला वेळ लागत नाही. खालचा जुना मजकूर काढून, विषय लिहून पुन्हा पाठवा, मग पाहू." वाक्य लिहून झाल्यावर मला बरंसुद्धा वाटलं. छत्तीस वर्षं लाल पेन चालवलेला हात!

सात जणांपैकी एकानेही छायाचित्र उघडलं नव्हतं.

आता आधी नियमांची बाजू सांगते, कारण मी नियमांच्या बाजूची आहे, अजूनही आहे. गटावर उत्तर देताना मूळ मजकुरातला हवा तेवढाच तुकडा ठेवायचा, त्याच्याखाली आपलं उत्तर लिहायचं, उरलेलं काढून टाकायचं. काहींना हा विद्वानांचा चोचला वाटतो. मी तो शाळेच्या भाषेत सांगते. परीक्षेत आपण समासात प्रश्नाचा क्रमांक घालतो आणि मग उत्तर लिहितो. क्रमांकच घातला नाही तर तपासणाऱ्याला कळत नाही हे कशाचं उत्तर आहे. पण म्हणून प्रत्येक उत्तराखाली अख्खी प्रश्नपत्रिका उतरवून काढणारा मुलगा मी पाहिलेला नाही. इ-मेलमध्ये मात्र आपण सर्रास तेच करतो.

दोघांच्याच पत्रव्यवहारात हे चालून जातं, कारण समोरच्याला आपलं पत्र आठवत असतं. दोनशे जणांत तसं नसतं. कुणी तीन दिवसांनी वाचतो, कुणी दिवसभराच्या मेली एकगठ्ठा मागवतो, त्याला तेच शेपूट दहादा ओलांडावं लागतं. आमच्या गटात एक गृहस्थ दृष्टिहीन आहेत. ते मोडी वाचत नाहीत, पण जुन्या कागदांचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचा संगणक त्यांना मेल वाचून दाखवतो. आपण न काढलेली प्रत्येक ओळ त्यांना ऐकावी लागते.

आणि हा शिष्टाचार काही साहेबाने आणलेला नाही बरं का. मोडी पत्रं वाचणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पेशवाईतलं उत्तर उघडावं तर सुरुवातीला तुम्ही पत्र पाठविले ते पावले, मग तुम्ही अमुक अमुक लिहिले याचा थोडक्यात गोषवारा, मग 'त्यास' किंवा 'ऐसियास' म्हणून आपलं म्हणणं. म्हणजे आधी समोरच्याचा तुकडा आणि त्याच्याखाली उत्तर! सरकारी पत्रात 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक' ही ओळ तेच काम करते. आणि शेवटी लेखनसीमेची मोहोर, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. आपल्या मेलींना लेखनसीमाच उरलेली नाही.

संगणकाच्या जगातही हे नियम लिहून ठेवलेले आहेत. १९९५ च्या ऑक्टोबरात सॅली हॅम्ब्रिज या इंटेल कंपनीतल्या बाईंनी एक मार्गदर्शिका तयार केली. 'आरएफसी १८५५' असा तिचा क्रमांक. मूळ मजकूर संदर्भापुरताच ठेवा, सगळं कॅपिटल अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं, गटावर लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, हे सगळं तिच्यात आहे. आमच्या गटाची नियमावली बरीचशी तिच्यावरूनच घेतलेली. पण त्याच मार्गदर्शिकेत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या आम्ही उतरवून घेतल्या नाहीत. एक म्हणजे राग आला असेल तर रात्र जाऊ द्या आणि मग उत्तर पाठवा. दुसरी म्हणजे आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं येईल ते मात्र उदारपणे घ्यावं.

आम्ही सात जणांनी त्या शुक्रवारी बरोबर उलटं केलं. घेताना काटेकोर झालो आणि आपलं ते मोकळेपणाने दिलं.

जुन्या मंडळींची बाजूही खोटी नाही, हे सांगायला हवं. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांकडे एकदम गर्दी लोटली. फोटो टाकायचा, वाचून घ्यायचं आणि गायब व्हायचं. आभाराचा शब्द नाही. तोच प्रश्न रोज नव्याने. माणसं थकतात. फार पूर्वी यूजनेट नावाच्या चर्चागटांवरही हेच झालं होतं. तिथे दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग जुन्यांच्या हाताखाली शिकून जायची. १९९३-९४ च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांनी आपल्या सर्वसाधारण ग्राहकांनाही ते दार उघडून दिलं, आणि नव्यांचा ओघ थांबेचना. तेव्हा जुने लोक कुरकुरत म्हणू लागले की १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. अहो, आपल्याकडे त्याला जून म्हणतात. माझ्या नोकरीत मी असे छत्तीस जून पाहिले. पाचवीचा वर्ग. कुणी प्रार्थनेच्या रांगेत भलतीकडे उभा, कुणी वर्गात चपला घालून आलेला, कुणी पाठीमागच्या दाराने आत शिरलेला. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना शाळेची नियमावली वाचून दाखवत नव्हतो. जुन्यातला एक शहाणा मुलगा शेजारी बसवायचो, बस्स. आठ दिवसांत चपला आपोआप बाहेर. आणि चुकलेल्याला सात शिक्षकांनी एकामागून एक ओरडायचं, असं तर कुठल्याच शाळेत होत नाही. नव्याला ते सात निरनिराळ्या माणसांचे सात शब्द वाटत नाहीत. त्याला वाटतं, सगळी शाळाच आपल्यावर ओरडतेय.

माझी स्वतःची पहिली मेल कशी होती सांगते. साल २००९. भाच्याने खातं उघडून दिलं आणि तो परत गेला. देवनागरी कसं टंकायचं ठाऊक नव्हतं. म्हणून मी मराठीच, पण इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, दीड पान लिहिलं. मोठी अक्षरं म्हातारीला नीट दिसतात, एवढाच हेतू. म्हणजे मी दीड पान ओरडत होते. गटावर कुणी काही बोललं नाही. एका गृहस्थांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, 'स' आणि 'म' मधला फरक सांगितला. मग दुसऱ्या दिवशी मला वेगळी, खासगी मेल आली. "बाई, तुमचा प्रश्न चांगला होता. एक बारीक गोष्ट सांगू का?" आणि मग कॅपिटल अक्षरांचं, 'बरहा' वापरून देवनागरी कसं टंकायचं त्याचं, सगळं पायरी पायरीने. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांना मी कधी भेटले नाही. पण आज जी ही अनुदिनी तुम्ही वाचताय, ती त्या मेलीमुळे आहे.

आणि मी काय केलं? त्या शुक्रवारी मी चौथी झाले.

मंगळवारी सकाळी मला कशी कोण जाणे ती छायाचित्रं उघडायची बुद्धी झाली. पहिलं होतं एक गहाणखत. साधंच, अक्षर बरं होतं. दुसऱ्या छायाचित्रात त्याच कागदाची पाठ होती. तिच्यावर वेगळ्या हातच्या तीन ओळी. मुद्दल आणि व्याज भरून पावले, दस्त परत दिला. म्हणजे जमीन केव्हाच सोडवून घेतलेली होती. वाचायला मला दहा मिनिटं लागली नाहीत. माझं वाचन काही अधिकृत नव्हे, कचेरीत चालायला तिथे मानला जाणारा मोडी वाचक लागतो. पण पाठीवरच्या ओळी महत्त्वाच्या आहेत, एवढं तरी त्याला शुक्रवारीच कळलं असतं. सोमवारची तारीख होऊन गेली होती.

आयुष्यभर मुलांना सांगत आले, "प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा." इथे प्रश्न दोनच ओळींचा होता. आम्ही सातही जणांनी 'अर्जंट' वाचलं आणि चिडलो. 'सोमवारी तारीख आहे' हे कुणी वाचलंच नाही. उद्धटपणा वाटला तो, ती कदाचित नुसती घाई होती. शेपटाचंही तसंच. गावाकडचा मुलगा, मोबाइलवरून मेल करणारा. जीमेलमध्ये जुना मजकूर तीन टिंबांच्या आड लपलेला असतो, लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही. जे दिसत नाही ते त्याने काढायचं कसं?

मी त्याला खासगी मेल लिहिली. आधी कागदाचं वाचन, ओळीवार. मग माफी. नियमांचा एक शब्दही नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. "मॅडम धन्यवाद. सोमवारी आम्ही मागची बाजू दाखवलीच नाही. वकील म्हणाले पुढच्या तारखेला दाखवू." एवढंच. उत्तर सगळ्यात वर, आणि खाली माझी अख्खी मेल तशीच लटकलेली. मला ती मुळीच खटकली नाही.

तेव्हा माझं आपलं मत असं, की नियम हवेतच. पण नव्या माणसाला आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळावं, निदान "पाहते, उद्या सांगते" एवढं तरी. नियम त्यानंतर सांगावा, तो एकानेच सांगावा आणि गटावर न सांगता त्याच्या एकट्याच्या कानात सांगावा. असं गटावर मी लिहिलं. दोघांना पटलं. एकांनी लिहिलं, "बाई, मग नियमावली कशाला?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. रात्र जाऊ देतेय.

तो मुलगा गटावर काही परत आला नाही. अजून सभासद आहे, नाव यादीत दिसतं. कधीतरी लिहील. लिहिलं, तर पहिलं उत्तर माझं असेल, आणि या वेळी छायाचित्र उघडून मगच.

असो. तुम्ही जिथे जिथे लिहिता-वाचता, तिथे नव्यांचं काय होतं? तुमचा स्वतःचा पहिला दिवस कसा गेला? जरूर कळवा. विषय नाही लिहिलात तरी चालेल.