वाढत्या अंगाची स्टिक घेऊ नका

मुलांचे कपडे, बूट, रेनकोट, सायकल घेताना ‘जरा वाढत्या अंगाचे दाखवा’ असे दुकानदाराला सांगणारा पालक मराठी घरात नवा नाही. क्रिकेटची बॅटही बऱ्याचदा याच हिशेबाने येते. टोरांटो किंवा कॅलगरीला स्थायिक झालेली मराठी कुटुंबे ही सवय बरोबर घेऊन जातात. तिथे मुलगा किंवा मुलगी वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या नादाने आइस हॉकी खेळू लागली, की ती सवय स्टिकच्या दुकानात जाऊन पोहोचते. बूट मोठा झाला तर पुढे कापूस कोंबता येतो. स्टिकच्या बाबतीत तसा कापूस नाही.

आपल्या मैदानी हॉकीच्या स्टिकपेक्षा ही वेगळी वस्तू आहे. लांब, आयताकृती छेदाचा दांडा आणि त्याच्या टोकाला बर्फावर सपाट टेकणारे पाते. पूर्वी सगळेच लाकडी असे. 1980 च्या दशकात अॅल्युमिनियमचे पोकळ दांडे लोकप्रिय झाले, त्यात पाते वेगळे बसवायचे. गेल्या पंचवीसेक वर्षांत कार्बन फायबरच्या एकसंध स्टिक आल्या आणि व्यावसायिक खेळाडूंच्या हातात आता बहुतेक त्याच दिसतात. चेंडूऐवजी खेळायचे ते रबराच्या चकतीने. तिला पक म्हणतात. तिचे वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकेच. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गोठलेले रबर कमी उसळते.

स्टिकवर बऱ्याच खुणा छापलेल्या असतात, पण पालकांनी सर्वांत आधी शोधायचा तो ‘फ्लेक्स’चा आकडा. 40, 50, 65, 85, 100 असे हे आकडे असतात. दांडा दोन टोकांना टेकवून मध्ये एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागतो, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे दांडा ताठ. ‘मोठा आकडा म्हणजे मजबूत माल’ असे समजून घेणारे पालक असतात, तिथेच गल्लत होते.

कारण या खेळात दांडा वाकलाच पाहिजे. जोरदार फटका मारताना खेळाडू पाते थेट पकवर आपटत नाही. ते पकच्या किंचित मागे बर्फावर टेकते, वरच्या शरीराचा भार दांड्यावर येतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना साठवलेली ऊर्जा पकला देतो. मनगटाने मारलेल्या छोट्या फटक्यातही कमी प्रमाणात हेच घडते. धनुष्य ओढताच आले नाही तर बाण कुठला सुटायचा? ढोबळ नियम असा, की मुलाचे वजन पौंडांत घ्यावे आणि त्याचे निम्मे करावे. 45 किलोच्या मुलाचे वजन सुमारे 100 पौंड, म्हणून फ्लेक्स 50 च्या आसपास. नवशिक्याला त्याहून थोडा कमी चालेल, जास्त नको.

ताठ दांडा हाती आलेले मूल गप्प बसत नाही. दांडा वाकत नाही म्हणून ते स्वतः वाकते. कमरेतून हिसका देते, पाठ मागे ताणून धड गरकन वळवते, खांदा वर उचलते. दिवसाला शंभर-दोनशे फटके आणि आठवड्याला चार सराव असतील, तर वाढत्या वयातल्या मणक्यावर येणारा ताण दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. पाठ मागे झुकवणे आणि त्याच क्षणी वळवणे, या हालचालीने किशोरवयीन वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडते, हे क्रिकेटच्या देशात अनेकांना ठाऊक आहे. जिम्नॅस्टिक्स आणि आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांतही ही इजा आढळते. मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत असेल, मागे वाकल्यावर ती कळ वाढत असेल, तर तेल चोळत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि दाखवायला जाताना मूल कोणत्या फ्लेक्सची स्टिक वापरते तेही सांगावे.

यावर पालकांचे ठरलेले उत्तर असते: मोठी स्टिक घेऊ, आत्ता कापू, उंची वाढली की वर तुकडा जोडू. इथे पदार्थविज्ञान आडवे येते. तोच दांडा आखूड केला की तरफ आखूड होते आणि त्याला वाकवणे कठीण होते. हा फरक लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, घनाच्या प्रमाणात वाढतो. 60 इंचांचा, 85 फ्लेक्सचा दांडा फक्त चार इंच कापला तर ढोबळ हिशेबाने तो शंभरीच्या पुढे जातो. दांड्यावर छापलेला आकडा मात्र 85 च राहतो. शिवाय कापून लांबी कमी होते, जाडी नाही. लहान मुलांच्या दांड्याचा घेर मुळातच कमी ठेवलेला असतो. प्रौढाचा जाड दांडा धरायला मूल मूठ घट्ट आवळते आणि तासाभराने कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो.

हा प्रश्न भारतात पोहोचतो तो लडाखमध्ये. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ अनेक दशके खेळला जातो. क्रिकेटचे पॅड बांधून गोल राखणारे गोलरक्षक तिथल्या लोकांच्या आठवणीत आहेत. भारताच्या महिला संघात मोठा भरणा लडाखी मुलींचा आहे. हा संघ 2016 मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले. कॅनडाच्या हेली विकेनहायझर 2018 मध्ये लेहला जाऊन या मुलामुलींना शिकवून आल्या. ऑलिंपिकची चार सुवर्णपदके मिळवलेल्या या खेळाडू पुढे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉक्टर झाल्या, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही.

लडाखच्या या प्रवासात परदेशातून दान म्हणून आलेल्या साहित्याचा वाटा मोठा आहे आणि त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण ऐंशी-नव्वद किलोच्या कॅनेडियन माणसाची जुनी स्टिक पन्नास किलोच्या मुलीला कापून दिली, तर वर सांगितलेले गणित पूर्णच तिच्या विरोधात जाते. तिला लागतो 55 चा दांडा आणि तिच्या हाती येतो शंभरीपार गेलेला. मग ‘मुलींच्या फटक्यात जोर नसतो’ असे म्हणायला लोक मोकळे. दान देणाऱ्यांनी पेटीत काय भरावे, याचा विचार फ्लेक्सच्या आकड्यापासून व्हायला हवा. कॅनडातल्या मराठी मंडळांनी मनावर घेतले तर हे काम सहज होण्यासारखे आहे. त्यांच्या घरातल्या मुलांच्या, वाढीमुळे लहान पडलेल्या स्टिक गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या असतात. लेहला हव्यात त्या नेमक्या याच.

आता पाते. त्याला बाक असतो आणि त्याचा इतिहास डॉक्टरांनी वाचावा असा आहे. 1960 च्या दशकात शिकागो संघाच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी पाते वाकवून खेळायला सुरुवात केली. बाकदार पात्यावरून सुटलेली चकती हवेत उठते, वळते, फसवते. त्या काळी बरेच गोलरक्षक मुखवट्याशिवाय उभे राहत. त्याआधी 1 नोव्हेंबर 1959 रोजी जाक प्लांत यांचा चेहरा पकने फाटला होता. टाके घालून ते परतले ते मुखवटा चढवून, आणि पुढे तो वापरत राहिले. बाक मात्र वाढतच गेला, तेव्हा नॅशनल हॉकी लीगने टप्प्याटप्प्याने मर्यादा आणत 1970 मध्ये ती अर्ध्या इंचावर ठेवली. 2006 मध्ये ती पाऊण इंच झाली. तोवर सगळ्यांचे चेहरे आणि डोकी बरीच झाकली गेली होती.

शिकणाऱ्या मुलाला खोल बाकाचे, टोकाला उघडलेले पाते देऊ नये. त्याने पक आपोआप वर उठतो, मुलाला मजा वाटते आणि समोरच्या मुलाच्या गळ्याची काळजी वाढते. उलट्या बाजूने फटका मारणेही अशा पात्याने जमत नाही. मध्यावर सौम्य बाक असलेले पाते बारा-तेरा वर्षांपर्यंत पुरते.

दांडा आणि पाते वेगवेगळे घ्यावे की एकसंध स्टिक, यावर दुकानात तासन् तास वाद होतात. एकसंध स्टिक हलकी असते, तोल चांगला असतो, हे मान्यच. पण वरच्या दर्जाची एक स्टिक कॅनडात तीनशे-चारशे डॉलरला पडते, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास, आणि ती एका आपटीत मोडू शकते. अल् मॅकइनिस यांनी सर्वांत वेगवान फटक्याची स्पर्धा सात वेळा जिंकली, ती लाकडी स्टिकने ओळख मिळवलेल्या हातांनी. हे दहा वर्षांच्या मुलाच्या बापाने लक्षात ठेवायला हरकत नाही. मुलांसाठी आणि लेहसारख्या ठिकाणच्या क्लबांसाठी दोन तुकड्यांची स्टिक अधिक शहाणपणाची. पाते तुटले की गरम हवेने डिंक सैल करून नवे बसवता येते, दांडा टिकतो, आणि वजन वाढले की फक्त दांडा बदलता येतो. दांड्याचे तोंड निमुळते आहे की साधे, एवढे पाहून त्याच जातीचे पाते घ्यावे. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर इनलाइन हॉकी खेळणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त खरखरीत जमिनीवर कार्बनचे पाते लवकर झिजते, तिथे चिवट प्लास्टिकचे चांगले.

उंचीचे माप सोपे आहे. स्केट घालून उभे राहिल्यावर स्टिकचे टोक हनुवटीपर्यंत यावे, अनवाणी उभे राहिल्यास नाकापर्यंत. दांडा आणि पाते यांच्यातला कोन बरोबर आहे का, हे कळायला पात्यावर गुंडाळलेली टेप पाहावी. चपलेची झीज पाहून चालीतला दोष ओळखता येतो, तसेच हे. टेप टाचेकडे झिजत असेल तर कोन जास्त उभा आहे किंवा स्टिक लांब आहे. टोकाकडे झिजत असेल तर उलट.

क्रिकेट खेळलेल्या मुलाचा आणखी एक घोटाळा होतो. उजव्या हाताने लिहिणारा मुलगा बॅटसारखी पकड घेतो, डावा हात वर, उजवा खाली. कॅनडात बरेच प्रशिक्षक उजवा हात वर ठेवायला सांगतात, कारण वरचा हात स्टिक चालवतो. दुकानात दोन्ही पकडींनी पाच मिनिटे खेळू द्यावे आणि मुलाला जी सोपी वाटेल तीच घ्यावी. त्याच्यासाठी बापाने ठरवू नये.

आणि कापलेल्या दांड्याचे वरचे तोंड कधीही उघडे ठेवू नये. पोकळ कार्बनची कड धारदार असते. पडताना तोंड किंवा डोळा त्यावर आला तर काय होईल, ते सांगायला नको. बूच बसवून वर टेपची गाठ करावी. गाठ फार मोठी किंवा कडकही नको, कारण ती तळहाताच्या करंगळीकडच्या भागात रुतते आणि तिथे हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा आकडा मोडू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर सहज सुटते. तळहाताच्या त्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, पकड ढिली पडत असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

महागडी स्टिक न घेता वाचलेले पैसे पूर्ण चेहरा झाकणाऱ्या जाळीवर आणि गळापट्टीवर खर्च करावेत. त्या दोन्ही वस्तूही आजच्या मापाच्या.