डाग सीटवर, ठपका आपल्यावर!

दारात नवी गाडी आली की आपण तिला कुंकू लावतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पुढचे पंधरा दिवस सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघत नाही. मग एके दिवशी ते निघतं, आतल्या सायीच्या नाहीतर बिस्किटी रंगाच्या सीट दिसतात आणि घरात नियम सुरू होतात. चपला झटकून चढा. गाडीत वडापाव खायचा नाही. हल्ली या यादीत आणखी एक भर पडली आहे, ‘जीन्स घालून सीटवर बसायचं नाही, निळे डाग पडतात.’

हा नियम कुणासाठी असतो, ते सांगायला नकोच. माझ्या माहितीतल्या एका घरी कॉलेजला जाणाऱ्या मुलीला मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून बसवतात. दुसऱ्या एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी साडी नेसून निघालेल्या सुनेला, “तू आपली रिक्षाने ये गं,” असं सांगितलं गेलं. गाडीत जागा होती, पण सीट पांढरट होती ना! आणि डाग दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, “काल इथे कोण बसलं होतं?”

मैत्रिणींनो, एकदा आपल्या गाडीचं दार उघडून नीट बघा. मी तरी जिथे जिथे पाहिलं, तिथे सगळ्यात निळी झालेली सीट चालवणाऱ्याचीच होती. त्यातही दाराच्या बाजूची उंच कड. चढता-उतरता रोज तिच्यावर मांडी घासते ना! आता आपल्याकडे बहुतेक घरांत त्या सीटवर कोण बसतं आणि काय घालून बसतं, हे तुम्हीच सांगा. त्यांची जीन्स ती जीन्स आणि लेकीची जीन्स म्हणजे निष्काळजीपणा?

खरं म्हणजे यात निष्काळजीपणा कुणाचाच नाही. दोष असलाच तर रंगाच्या स्वभावाचा आहे. जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, इंडिगो. पांढऱ्या कपड्यांना आपण घालतो ती नीळ नव्हे. चंपारणच्या शेतकऱ्यांवर जिच्या लागवडीची सक्ती होती आणि ज्यांच्यासाठी १९१७ साली गांधीजी तिथे गेले, ती ही नीळ. आता ती कारखान्यात बनते, एवढाच फरक. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून सूत रंगवताना आधी रसायनं घालून तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात, त्यात सूत बुडवतात आणि हवेत काढतात. हवा लागली की ती पुन्हा निळी होऊन धाग्यावर बसते. असं बरेचदा करूनही रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो, गाभा पांढराच. जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती यामुळेच. वरवर बसलेला रंग घासला की उतरणारच. नव्या काळ्या, गडद लाल सुती कपड्यांतही धाग्यात न मुरलेला जास्तीचा रंग असतो, तोही असाच निघतो.

कापड उद्योगात याची चाचणीच असते. पांढरं सुती कापड रंगीत कापडावर ठरावीक दाबाने दहा वेळा घासतात, एकदा कोरडं, एकदा ओलं. किती रंग उतरला त्यावर १ ते ५ असे गुण देतात, ५ म्हणजे उत्तम. गडद जीन्सला ओल्या चाचणीत कमी गुण मिळणं नेहमीचंच. म्हणजे घामाने अंग ओलं, वरून शरीराचा दाब आणि उन्हात तापलेली गाडी, असं तिन्ही जमलं की रंग उतरणार. जळगाव-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे तर विचारूच नका. तरी फिकट सीट काळ्या सीटपेक्षा कमी तापते, हा तिचा गुण मान्य करायलाच हवा.

नवा कपडा कसा आहे ते घरीच कळतं. पांढरा रुमाल ओला करून घट्ट पिळा आणि कपड्याच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा उलटा करून दोन-चार वेळा वेगळा धुवा, सुटा रंग निघून जाईल. मिठाच्या पाण्यात भिजवलं की जीन्सचा रंग पक्का होतो, असं आपण आईकडून, सासूबाईंकडून ऐकत आलो. पण मीठ काही नीळ धरून ठेवत नाही.

आता पडलेल्या डागाचं काय? इथे मात्र आपला हात फार पटकन चालतो. ठपका आपल्यावर येणार म्हणून ‘हे’ ऑफिसातून यायच्या आत डाग घालवायची घाई होते, आणि त्या घाईत नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, नाहीतर भांडी घासायची पावडर आणि काथ्या बाहेर निघतो. हे अजिबात करू नका. सीटच्या लेदरवर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक असा पातळ थर असतो. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या बऱ्याच गाड्यांत तर लेदर म्हणून मिळतं ते कृत्रिमच असतं, रेक्झिनचं भावंड. रिमूव्हरने हा वरचा थरच विरघळतो. डाग निघाल्यासारखा वाटतो, पण त्या जागी खरखरीत, निस्तेज चट्टा राहतो आणि पुढचा डाग तिथे जास्तच खोल जातो. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा घासूनही थर झिजतो. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावाल, तर त्यावर धूळ चिकटेल. पेट्रोल-थिनरला बंद गाडीत आगीची भीती, ती वेगळीच.

करायचं ते साधंच आहे. आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा. मगभर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो त्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब घालून फेस करा. सीटखाली न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी लावून बघा. मग फक्त फेस, पाणी नव्हे, मऊ पांढऱ्या फडक्याने डागावर लावा आणि कडेकडून मध्याकडे हलक्या हाताने पुसा. शिवणीत आणि बारीक सुरकुत्यांत लहान मुलाचा मऊ टूथब्रश चालतो. पांढऱ्या फडक्यावर निळं उतरत असेल तोवर फडक्याची बाजू बदलत राहा. शेवटी ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने साबण टिपून घ्या, कोरडं पुसा आणि सावलीत वाळू द्या. सीटला बारीक छिद्रं असतील तर पाणी आत मुरू देऊ नका.

आठवड्याभरातला डाग असा बहुधा निघतो. चार महिन्यांचा डाग वरचा थर ओलांडून आत शिरलेला असतो, विशेषतः कृत्रिम लेदरमध्ये. फडक्यावर रंग उतरणं थांबलं की आपणही थांबायचं. पुढचं काम लेदर क्लीनरचं, नाहीतर गाडीचं डिटेलिंग करणाऱ्याचं. हात दुखेपर्यंत घासून आत शिरलेला रंग निघत नाही. सीट मात्र जाते.

“त्यापेक्षा कव्हरच घालून टाकू,” असं कुणी म्हणेल. जरूर घाला, पण आधी सीटच्या कडेला एअरबॅगची खूण आहे का ते बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतूनच उघडतात. वरून घट्ट शिवलेलं कव्हर ओढलं तर अपघाताच्या वेळी ती नीट उघडणार नाही. निळ्या डागाच्या भीतीपोटी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीचा आतला रंग ठरतो शोरूममध्ये. तिथे बहुतेकदा घरातले पुरुष जातात, फिकट सीटने गाडी मोठी आणि श्रीमंत दिसते म्हणून तीच पसंत करतात, आणि पुसायचं फडकं मात्र आपल्या हातात येतं. पुढच्या वेळी आपणही जाऊ या. “उन्हाळ्यात बरी, पण मळेल, पुसायला कोण बसणार?” हे तिथेच, सगळ्यांसमोर विचारू या. तरी फिकटच घ्यायची ठरली तर महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून सीट पुसायच्या, चालवणाऱ्याने आधी आपली.

तोवर लेकीला चादरीवर बसवू नका. जीन्स घालून, काळी साडी नेसून, नवा दुपट्टा घेऊन मोकळेपणी बसा. सीट बसण्यासाठीच असते. डाग पडला तर साबणाचे दोन थेंब आहेत. पण “तुझ्यामुळे गाडी खराब झाली,” हे वाक्य पोरीच्या मनात बसलं, तर ते कुठल्या फेसाने निघणार?