पेट्रोल किती आहे? ...आणि टायर?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी सेक्शनसाठी लिहायचं म्हटलं की जरा टेन्शनच येतं. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण मुद्दा सोडू नका.

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा रूममेट मामाकडे शिनोलीला निघालो. बाईक आमच्या विंगमधल्या एका सीनिअरची. चावी घेताना मी नेहमीचाच प्रश्न विचारला, "पेट्रोल किती आहे?" मंचर गेलं, घोडेगाव गेलं. शिनोलीच्या अलीकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणलेला, वरून पावसाची भुरभुर. समोर म्हैस आली, मी ब्रेक मारला आणि मागचं चाक सरळ बाजूला निघून गेलं. स्पीड फार तर चाळीस! मला नुसतं खरचटलं. रूममेटचं मात्र कॉलरबोन मोडलं आणि प्रॅक्टिकल्स बुडाली.

मामा धावत आला. गाडी उभी करून त्याने मागच्या टायरवरून हात फिरवला. टायरचा पार गोटा झालेला! म्हणाला, "अरे, बैलाच्या पत्र्या झिजल्या की नव्या मारल्याशिवाय आम्ही गाडी जुंपत नव्हतो. आणि तुम्ही म्हणे इंजिनिअर!"

हॉस्टेलवर आल्यावर एकाने लॉजिक लढवलं, "घर्षण कॉन्टॅक्ट एरियावर अवलंबून नसतं. रेसच्या बाईकचे टायर तर गुळगुळीतच असतात." कबूल! पण ते खास मऊ रबराचे, आणि कोरड्या ट्रॅकसाठी. पाऊस आला की रेसवालेसुद्धा खाचांचे टायर चढवतात. कारण खाचांचं काम पाणी बाहेर काढणं. खाचाच उरल्या नाहीत तर रबर आणि डांबर यांच्यात पाण्याचा थर राहतो आणि पकड जाते. गोटा टायर फसवतो तो इथेच. उन्हाळाभर काही होत नाही, म्हणून आपण म्हणतो, "अजून एक सीझन जाईल."

तपासायला मेकॅनिकही लागत नाही. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर हवी. पण ही शेवटची मर्यादा आहे, पावसाळ्याआधी तिची वाट कशाला बघायची? आणि गोट्या टायरवर नव्या खाचा कोरून घेणं म्हणजे उरलंसुरलं रबरही घालवणं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सगळा दोष टायरचा नाही, पण आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या!

खरं सांगायचं तर मी सीनिअरला दोष देत नाही. हॉस्टेलमधली बाईक नावाला एकाची, चालवतात दहा जण. मग टायर एकट्याने का बदलावा? दीड-दोन हजार रुपये दहा जणांत वाटले तर एका पिक्चरचा खर्च! बर्थडेला काँट्रिब्युशन निघतं, मग मे महिन्यात टायरसाठी का नाही?

आणि चावी मागताना यापुढे दोन प्रश्न विचारा. पेट्रोल संपलं तर गाडी ढकलत आणता येते. टायर संपला तर मागे बसलेल्या मित्राला उचलून आणावं लागतं... मी आणलंय.