लाटा, लॅपटॉप आणि पाटाचे पाणी

बाली बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर चांगू नावाचे गाव आहे. किनाऱ्यावरील खडकावर तेथे बातू बोलोंगचे मंदिर उभे आहे. मंदिरासमोर फुटणाऱ्या लाटा संथ असल्याने फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजेच सर्फिंग, शिकू पाहणाऱ्यांची तेथे पहाटेपासून झुंबड उडते. सकाळी यांपैकी अनेकजण ओल्या केसांनीच जवळच्या एखाद्या छोट्या कॅफेत शिरतात, फळी भिंतीला टेकवून ठेवतात, नारळपाणी मागवतात आणि लॅपटॉप उघडतात. त्याच सुमारास कॅफेत काम करणारी बाली मुलगी उंबऱ्याशी नारळाच्या कोवळ्या पानांचा लहानसा द्रोण ठेवून त्यात फुले व भाताची शिते वाहते आणि उदबत्ती लावते. बेटावरील सुमारे ८७ टक्के लोक हिंदू आहेत. हा नित्यक्रम घरोघरी, दुकानोदुकानी चालतो.

लॅपटॉप उघडणारा हा तरुण सुट्टीवर आलेला नसतो, तो कामावर आलेला असतो. त्याची कंपनी सिडनीत, बर्लिनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात असते आणि वेतन तिथल्याच चलनात मिळते. बालीचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. ऑस्ट्रेलियातील कार्यालयाशी ते जवळजवळ जुळते, युरोपची सकाळ येथे दुपारी होते आणि अमेरिकेसाठी काम करणाऱ्याला प्रसंगी मध्यरात्री बैठकीस बसावे लागते. २०२० च्या महामारीनंतर या दूरस्थ कामाला प्रतिष्ठा लाभली. इंडोनेशियाने तर २०२४ मध्ये अशा लोकांसाठी वर्षभराचा स्वतंत्र परवाना सुरू केला. त्यासाठी किमान ६०,००० डॉलर वार्षिक उत्पन्न दाखवावे लागते आणि ते इंडोनेशियाबाहेरून आलेले असावे लागते. स्वतः राबून पोट भरणाऱ्या या माणसाला चंगळवादी म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पुण्याच्या हिंजवडीतील कितीतरी अभियंत्यांनी हेच स्वप्न उराशी बाळगलेले आहे.

या पाहुण्यांविषयी बालीत जी तक्रार उघडपणे केली जाते, ती त्यांच्या वर्तनाची. २०२२ मध्ये पवित्र मानल्या जाणाऱ्या एका प्राचीन वृक्षापाशी विवस्त्र छायाचित्र काढून घेणाऱ्या रशियन महिलेला देशाबाहेर काढण्यात आले. २०२३ मध्ये राज्यपालांनी परदेशी पाहुण्यांसाठी काय करावे आणि काय करू नये याचे परिपत्रक काढले. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया इतका आकार घेतला जातो. हे सारे उचितच आहे. परंतु मंदिरात अंगभर वस्त्र नेसणारा, नम्रपणे बोलणारा, बिल चुकवणारा सभ्य पाहुणासुद्धा ज्या खुर्चीवर बसलेला असतो, ती खुर्ची पूर्वी भाताचे शेत असलेल्या जमिनीवर ठेवलेली असते. खरा प्रश्न वस्त्रांचा नसून त्या शेताचा आहे.

बालीतील भातशेतीला पाणी पुरवणाऱ्या सहकारी व्यवस्थेचे नाव 'सुबक' असे आहे. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल. अर्थाचा काही संबंध नसला तरी डोंगरउतारावरील त्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांना मराठीतला अर्थही शोभून दिसतो. नवव्या शतकापासून ही व्यवस्था चालत आली आहे. एका पाटावर अवलंबून असलेले सारे शेतकरी एका सुबकचे सभासद. 'पेकासेह' हा त्यांनी निवडलेला प्रमुख. बंधाऱ्यापाशी मंदिर आणि त्या मंदिराच्या उत्सवाशी पेरणी, लावणी व पाणी सोडण्याच्या तिथी बांधलेल्या. वरच्या खाचराने पाणी अडवले तर खालचे सुकते, म्हणून वरच्याने खालच्याचा विचार करायचा. आणि सर्वांनी एका वेळी पीक काढून शेते पाण्याखाली ठेवली तर किडीला थारा राहत नाही, म्हणून खालच्याने वरच्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचे. देव, माणूस आणि निसर्ग यांच्या सुसंवादाचे 'त्रि हित करण' हे तत्त्व बालीत ग्रंथात राहिलेले नाही, ते पाटातून वाहते.

या व्यवस्थेची परीक्षा एकदा झालेली आहे. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना मंदिराच्या तिथी बाजूला ठेवून जमेल तितक्या वेळा पीक घेण्यास सांगितले. थोड्याच वर्षांत तुडतुड्यांनी आणि रोगांनी शेते फस्त केली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे संगणकावर या पाणीवाटपाची प्रतिकृती मांडून पाहिली, तेव्हा मंदिरांच्या समन्वयातून ठरणारे वेळापत्रकच पाणी व कीड या दोहोंच्या दृष्टीने उत्तम ठरले. 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' हा त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबकला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्याला अंधश्रद्धा म्हणून हिणवले गेले ते शास्त्र निघाले, हे वाचून आपल्याकडील अनेकांना समाधान वाटेल. त्या समाधानात फार काळ रमण्यात मात्र अर्थ नाही, कारण अधिकाऱ्यांच्या आदेशापुढे टिकलेली ही व्यवस्था चांगूत भाडेपट्ट्यापुढे हरत आहे.

इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळू शकत नाही. त्यामुळे कागदोपत्री मालक बाली शेतकरीच राहतो आणि जमीन पंचवीस-तीस वर्षांच्या भाड्याने जाते. एकाने खाचर दिले की तेथे बंगला उभा राहतो, बांधकामात पाट बुजतो किंवा वळतो आणि खालच्या शेताचे पाणी तुटते. ज्याला जमीन द्यायची नव्हती त्यालाही मग ती द्यावी लागते. चांगूतील भातशेतांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेवर आज स्कूटरींची रांग लागते आणि एखादी स्कूटर बाजूच्या शेतात कोसळल्याची चित्रे जगभर करमणुकीचा विषय होतात. चांगू ज्या बाडुंग जिल्ह्यात आहे, त्याच बाडुंगच्या राजाने सप्टेंबर १९०६ मध्ये डच सैन्याला शरण जाण्याऐवजी शुभ्र वस्त्रे परिधान करून परिवारासह तोफा-बंदुकांसमोर चालत जाणे पत्करले होते. ज्या भूमीसाठी ते रक्त सांडले, तिचे तुकडे आज हसतमुखाने आणि कायदेशीर सही करून दिले जातात. जबरदस्ती कोणीच करत नाही. प्रतिकार कोणाचा करायचा, हे म्हणूनच कळेनासे होते.

शेतकऱ्याला लोभी ठरवून हा विषय संपवता येणार नाही. शेजारी हॉटेल उभे राहिले की जमिनीचा भाव चढतो आणि भावाबरोबर करही. भाताच्या उत्पन्नातून तो भरायचा कसा? मुलगा कॅफेत कामाला लागला तर दरमहा हाती पैसा येतो, शेतात तो येत नाही. २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा बालीची अर्थव्यवस्था एका वर्षात नऊ टक्क्यांहून अधिक आक्रसली. नुसा लेंबोंगानसारख्या बेटावर हॉटेलातून परतलेल्या माणसांनी तेव्हा पुन्हा समुद्रशेवाळाची शेती धरली. त्यांना परतायला जागा शिल्लक होती, ही गोष्ट महत्त्वाची. पुढच्या संकटात चांगूचा तरुण कोणत्या खाचरात परतेल? सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण बालीत महापूर येऊन जीवितहानी झाली, तेव्हा कोठे शेतजमिनीवर हॉटेले व उपाहारगृहे उभारण्याचे परवाने थांबवण्याची भाषा राज्यपालांच्या तोंडी आली.

असे असूनही बाली समाजाची शक्ती क्षीण झाली आहे, असे म्हणता येत नाही. शक संवत्सराच्या आरंभी तेथे 'न्येपी' पाळतात. तो शक आपल्या पंचांगातला. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला, आले आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले. त्या दिवशी बालीत दिवा, काम, प्रवास व करमणूक वर्ज्य. आंतरराष्ट्रीय विमानतळ चोवीस तास बंद राहतो, रस्त्यावर परंपरागत रक्षकांखेरीज कोणी दिसत नाही आणि २०१८ पासून मोबाइलवरील इंटरनेटही बंद ठेवले जाते. जगातील कोणत्याही कंपनीचा कर्मचारी असो, तो त्या दिवशी अंधारात बसतो आणि तक्रार करत नाही. वर्षातील एक दिवस विमाने थांबवू शकणारा समाज उरलेल्या दिवसांत एक पाट वाचवू शकत नाही, याचे कारण शोधावे लागेल. न्येपी सर्वांनी मिळून पाळायची असते. जमिनीचा करार मात्र ज्याचा त्याने एकट्याने करायचा, असे तेथे ठरून गेले आहे.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर फळ्या व लॅपटॉप एकत्र दिसू लागल्याला काही वर्षे झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातील जमिनीकडेही बाहेरच्यांचे लक्ष वळले आहे. गोव्यापाशी स्वतःचा सुबक होता. गावकरी संस्थेच्या चालीरीतींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये केली, पण संस्था त्याहून कितीतरी जुनी. खाडीकाठची खाजन जमीन, तिचे बांध आणि भरतीचे पाणी अडवणारी मानस सांभाळणे हे संस्थेचे सामाईक काम. १९६४ च्या कूळकायद्यानंतर कसणाऱ्याला न्याय मिळाला, परंतु बांधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे धूसर झाले. भरतीला मिटणारी व ओहोटीला उघडणारी मानशीची लाकडी दारे कुजली की खारे पाणी एकाच्या नव्हे, सर्वांच्या शेतात शिरते. ती दारे बदलण्याचा खर्च कोणी करायचा, हे मांद्रेच्या किंवा शिरोड्याच्या ग्रामसभेत विचारायचे असेल, तर ते किनाऱ्यालगतचा पहिला तुकडा कॅफेसाठी भाड्याने जाण्याच्या आधी विचारावे लागेल.