जमीन सरकारची, नोकरी कंपनीची



आपल्या मालेगावाहून (वाशिमच्या, नाशिकच्या नव्हे) समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग या पानावर बंदराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला आणि जून २०२५ मध्ये तो थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. माल बंदराकडे धावू लागला, मग आपली मुले मागे का?

मुंबईत बॅलार्ड इस्टेट आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेली माती समुद्रात टाकून पोर्ट ट्रस्टने २२ एकर जागा तयार केली. १९१४ साली गोदी सुरू झाली आणि त्या भरावावर जहाज कंपन्यांच्या दगडी कचेऱ्या उभ्या राहिल्या. माती कोणी वाहिली आणि खुर्चीवर कोण बसले, हे सांगायला नको.

आता शिवडी, दारूखाना, वडाळा भागातील बंदराच्या जुन्या वखारींच्या जमिनीवर तसेच काही उभे करायचे घाटते आहे. २०१८ साली राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच तेथले नियोजनाचे अधिकार दिले. व्यापारी संकुले, कचेऱ्या, प्रवासी जहाजांचा धक्का, सारे आराखड्यात आहे. त्याच जमिनीवर कष्टकऱ्यांच्या झोपड्याही आहेत. त्यांना घर कोठे मिळणार, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

दुसरा प्रश्न नोकरीचा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. बौद्ध झाल्यावर केंद्राने आपल्याला त्यातून वगळले. तो हक्क १९९० साली परत मिळाला. मोठी बंदरे केंद्राची, म्हणजे तेथे आपला वाटा आला. पण अवघ्या नऊ वर्षांत, १९९९ साली, न्हावा-शेवाला पहिले खासगी टर्मिनल सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले टर्मिनलही खासगी कंपनीकडे गेले. कंपनीला आरक्षण लागू नाही! पालघरचे ७६,२२० कोटींचे वाढवण बंदर, सरकारी मालकीचे असूनही, याच वाटेने उभे राहत आहे. जमीन भाड्याने देतानाच करारात आपल्या वाट्याची अट घाला, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपुढे कोण मांडणार? निवडणुकीत विहारात येऊन हात जोडतात, तेव्हा हे विचारावे.

तोवर शिक्षणाचे दार उघडे आहे. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी केंद्राची आहे, मुंबईतही तिचे केंद्र आहे, आणि प्रवेशात अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेतलेल्या मुलामुलींनी तिची प्रवेश परीक्षा द्यावी. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. आणि जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. तो बारावीच्या वर्षातच काढून ठेवा.